दान मोठे की समान पट्टी मोठी ?

थोरामोठ्यांची चरित्रे आमच्या शेतकरी-कारागीर वाचकांच्या घरी फारशी जात नाहीत, आणि जातात तेव्हा देव्हाऱ्यात बसवलेल्या मूर्तीसारखी जातात. अमुक सरदाराने विद्येसाठी इतके हजार दिले, तमुक जहागीरदाराने गवयांना आश्रय दिला, एवढे वाचावे, हात जोडावे आणि पुस्तक मिटावे, अशीच त्यांची रचना असते. ते हजार सरदाराच्या तिजोरीत आले कोठून, आणि दान देण्याच्या आधी व दिल्यानंतर त्याच्या कुळांच्या ताटात काय पडत होते, हे दोन प्रश्न त्या पानांत बहुधा सापडत नाहीत. आज आम्ही एका बड्या सरदाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते हे दोन्ही प्रश्न हाती धरून. हा मनुष्य युरोपातील हंगेरी देशाचा. नाव काउंट इश्त्वान सेचेनी. जन्म 1791, मृत्यू 1860. त्याच्या देशात त्याला 'सर्वांत थोर हंगेरियन' म्हणतात, आणि गंमत अशी की हे बिरुद त्याला ज्याने दिले तो लायोश कोशूत पुढे त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी ठरला. ज्याची थोरवी विरोधकही मान्य करतो त्याचे चरित्र तपासून पाहण्यासारखे असलेच पाहिजे.

आधी त्या मुलखाची हकीकत ऐका. हंगेरी म्हणजे डॅन्यूब आणि तिसा या दोन मोठ्या नद्यांच्या काठचा काळ्या जमिनीचा, गव्हाचा, द्राक्षांचा आणि घोड्यांचा देश. राजा म्हणजे व्हिएन्नाला बसणारा ऑस्ट्रियाचा बादशहा. पण जिल्ह्याजिल्ह्यांत सत्ता चाले ती उमरावांची. एकंदर वस्तीत वीस माणसांमागे सुमारे एक माणूस उमराव जातकुळीचा. हा विसावा माणूस कर देत नसे. जमिनीची मालकी त्याची, हुद्दे त्याचे आणि कायदे करणाऱ्या सभेतही वजन त्याचेच. बाकीच्यांत बहुतेक सारे शेतकरी, आणि ते धन्याचे कूळ.

कुळाने काय काय द्यावयाचे हे 1767 साली राणी मारिया थेरेसा हिच्या हुकमाने ठरवले गेले होते. पूर्ण वाट्याची जमीन कसणाऱ्याने वर्षाचे 52 दिवस आपली जनावरे व अवजारे घेऊन, किंवा 104 दिवस नुसत्या हातांनी, धन्याच्या शेतावर फुकट राबावे. त्यांच्याकडे याला 'रोबोत' म्हणत. आपल्या भाषेत याला सरळ शब्द आहे, तो म्हणजे वेठ. पिकाचा दहावा हिस्सा धर्मपीठाला, नववा हिस्सा धन्याला. त्यावर फौजेचा कर, जिल्ह्याचा कर, शिपाई घरात उतरवून घेणे, सरकारी कामाला गाडी पुरवणे, रस्ते दुरुस्त करणे ही ओझी निराळी. तंटा निघाला तर न्यायासन धन्याच्याच वाड्यात. ज्या सभेत या लोकांना पाऊल टाकता येत नव्हते, तिच्या सभासदांचा भत्तासुद्धा फार काळ यांच्याच करातून दिला जाई ! 1514 साली हे लोक एकदा हत्यार घेऊन उठले होते. ते बंड मोडल्यावर उमरावांच्या सभेने शेतकऱ्याला कायमच्या दास्यात घातल्याचा कायदाच केला. कायद्याच्या लॅटिन भाषेत या लोकांना जे नाव होते त्याचा अर्थ 'कर भरणारी दीन प्रजा'. दीन कशाने झाली हे मात्र कायद्यात लिहिलेले नव्हते.

अशा देशात, अशा उमरावांतल्याही पहिल्या रांगेतील घराण्यात, सेचेनी जन्मला. घराणे दानशूर होते हे कबूल केले पाहिजे. बाप फेरेन्स याने 1802 साली आपला ग्रंथसंग्रह, नाणी आणि नकाशे राष्ट्राला देऊन टाकले. हंगेरीचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि संग्रहालय त्यातून उभे राहिले. मामाने 1797 साली केस्टहेय गावी शेतकीची शाळा काढली. युरोपातील अशा पहिल्या शाळांपैकी ती एक. पोरगा मात्र कोवळ्या वयात फौजेत गेला, नेपोलियनविरुद्धच्या लढायांत लढला, 1813 च्या लाइप्झिगच्या रणात निरोप घेऊन घोडा फेकला, आणि लढाया संपल्यावर घोडे, नाच, मेजवान्या यांत तारुण्याची काही वर्षे घालवली. बाप कमावतो आणि लेक उधळतो, ही गोष्ट सरदारघरात नवी नाही. पण हा लेक हिंडता हिंडता इंग्लंडात गेला. तेथील पक्के रस्ते, पूल, यंत्रे आणि पेढ्या त्याने पाहिल्या आणि परत येऊन आपल्या देशाकडे पाहिले, तेव्हा त्याला लाज वाटली. ती लाज त्याने आयुष्यभर विसरली नाही, हेच त्याचे भांडवल.

आता ज्या दानासाठी त्याचे नाव शाळकरी मुलेही घोकतात ते सांगतो. हंगेरीच्या उमरावांची सभा तेव्हा पोझोन्य शहरी भरे. आज त्या शहराला ब्रातिस्लाव्हा म्हणतात. सभेचे काम चाले लॅटिनमध्ये, वाड्यांत बोलणे चाले जर्मन नाहीतर फ्रेंच. देशाची जी भाषा, हंगेरियन, ती नोकरांशी आणि कुळांशी बोलण्याची. 1825 च्या ऑक्टोबरात सेचेनी वरिष्ठ सभेत उठला आणि हंगेरियनमध्ये बोलला. पुढच्या महिन्यात, 3 नोव्हेंबर रोजी, हंगेरियन भाषेच्या व विद्येच्या वाढीसाठी एखादी विद्वत्सभा हवी, पण पैसा कोठे आहे, असा रडका सूर निघाला असता त्याने आपल्या जमिनींचे एका वर्षाचे सारे उत्पन्न, 60,000 फ्लोरिन, देऊ केले. त्याचे पाहून आणखी तिघांनी आकडे घातले आणि रक्कम एक लाखाच्या वर गेली. हंगेरीची विज्ञान अकादमी ती हीच.

दान मोठे खरे. पण आम्ही आमचे दोन प्रश्न विसरलेलो नाही. हे 60,000 फ्लोरिन कोणाचे ? 52 दिवसांच्या आणि 104 दिवसांच्या वेठीचे. नवव्या हिश्श्याच्या गव्हाचे. आणि जिच्यासाठी ते दिले ती भाषा इतकी शतके जिवंत ठेवली कोणी ? वाड्यांनी तर ती टाकून दिली होती. खुद्द सेचेनी आपली रोजनिशी जर्मनमध्ये लिही. मातृभाषेवर हुकमत मिळवण्यासाठी त्याला मोठेपणी खटपट करावी लागली. भाषा राखली ती नांगरामागे चालणाऱ्याने, मागावर बसणाऱ्याने, लेकराला अंगाई म्हणणाऱ्या आईने. तेव्हा हिशेब नीट मांडला तर असा होतो की कुळांच्या घामाचा पैसा कुळांनी राखलेल्या भाषेला मिळाला, आणि मध्ये पावतीवर नाव सरदाराचे लागले. सेचेनी इथेच थांबला असता तर आम्ही त्याच्यासाठी या अंकाची जागा खर्च केली नसती. दान देणारे उमराव त्या देशात पुष्कळ होते.

तो थांबला नाही. 1828 साली त्याने व्हिएन्नाच्या एका पेढीकडे 10,000 फ्लोरिन कर्ज मागितले. हजारो एकरांचा धनी, पण पेढीने नकार दिला ! कारण असे की 1351 सालापासून हंगेरीत कायदा होता, उमरावाची वडिलार्जित जमीन कुळाबाहेर कायमची जाऊ शकत नाही. सावकाराने पैसा दिला तरी जमीन वसूल करता येत नाही. मग कोण देईल ? दुसरा एखादा उमराव या अपमानाने पेढीवाल्याला शिव्या देत घरी गेला असता. सेचेनीने उलट आपल्याच जातीचा जमाखर्च तपासायला घेतला. 1830 साली त्याने 'हितेल' म्हणजे 'पत' या नावाचे पुस्तक लिहिले. त्यात त्याने उमरावांना सांगितले ते थोडक्यात असे : तुमचा वडिलार्जित हक्क हीच तुमची बेडी आहे, फुकटच्या वेठीने होणारे काम मजुरी देऊन होणाऱ्या कामापुढे कवडीमोल आहे, ज्याला आपल्या घामाचे फळ मिळत नाही त्याचा हात जोराने चालत नाही, देशाचे दारिद्र्य परकी राजाने आणले त्याहून जास्त तुम्ही आणले आहे.

आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. दुसऱ्याच्या बांधावर वेठीला गेलेल्या माणसाची कुदळ कशी उचलली जाते हे समजायला पुस्तक लागत नाही. पण उमरावांत ओरड झाली. एका काउंटाने पुढच्याच वर्षी उलट पुस्तक लिहून वडिलार्जित हक्कांची बाजू मांडली. त्याच 1831 साली उत्तर हंगेरीत पटकीची साथ आली. धन्यांनी विहिरींत विष टाकले अशी वदंता उठली, आणि शेतकऱ्यांनी वाड्यांवर हल्ले केले. बंड फौजेने चिरडले, कित्येकांना फासावर चढवले. विहिरीत विष नव्हते. पण जो धनी तीनशे वर्षे आपल्या जिवावर जगला तो आपल्याला मारायलाही उठेल, असे माणसाला सहज वाटावे, हे ज्या देशात घडते तेथे विष दुसऱ्या कोठे तरी मुरलेले असते. सेचेनीने ते ओळखले. त्याच्या मनात दयेबरोबर भयही होते हे आम्ही झाकून ठेवीत नाही. आपण होऊन सुधारलो नाही तर आपली धडगत नाही, हे तो आपल्या जातीला वारंवार बजावी.

1833 साली त्याचे 'स्टॅडियम' हे पुस्तक बाहेर पडले. देशात सेन्सॉरने अडवले, म्हणून ते जर्मनीत लाइप्झिग येथे छापावे लागले. त्यात त्याने बारा कायद्यांची यादी दिली. आमच्या वाचकांनी तिच्यातील काही कलमे मुद्दाम लक्षात घ्यावी. जमीन विकत घेऊन मालक होण्याचा हक्क उमराव नसलेल्यालाही असावा. कायद्यापुढे सगळे सारखे असावे. जिल्ह्याच्या व देशाच्या खर्चाचा बोजा सर्वांनी उचलावा. मक्तेदाऱ्या बंद व्हाव्या, आणि कारागिरांच्या बंदिस्त श्रेण्याही मोडाव्या. या शेवटच्या कलमाचा अर्थ सुतार, लोहार, चांभार, विणकर यांनी नीट समजून घेण्याजोगा आहे. तेथे धंदा करावयाचा तर श्रेणीची परवानगी लागे. जुन्या उस्तादांची मर्जी नसेल तर हातात कसब असूनही दुकान मांडता येत नसे. कसब असलेल्या हाताला कोणाच्या कुळीची चिठ्ठी लागू नये, एवढाच त्या कलमाचा भावार्थ.

आता पुलाची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हा लेख आम्ही लिहावयास घेतला.

बुदा आणि पेश्त ही तेव्हा दोन वेगळी गावे, मध्ये डॅन्यूबचे रुंद पात्र. होड्या एकमेकींना बांधून त्यावर फळ्या टाकलेला पूल असे. हिवाळ्यात नदीत बर्फाचे ढीग वाहू लागले म्हणजे तो काढून ठेवावा लागे आणि दोन्ही काठांचा संबंध तुटे. 1820 च्या डिसेंबरात सेचेनीचा बाप व्हिएन्नाला वारला. मुलाला ओढ लागलेली, पण बर्फामुळे त्याला नदीच्या काठी आठवडाभर खोळंबून राहावे लागले. येथे कायमचा पूल झालाच पाहिजे, ही गोष्ट त्याच्या मनात तेव्हापासून बसली.

1832 साली त्याने पूलमंडळी स्थापन केली, काउंट अंद्राशी यास सोबत घेऊन इंग्लंडात जाऊन झुलते पूल पाहिले, आणि पुढच्या वर्षी दोघांनी आपला अहवाल छापला. लोखंडी साखळ्यांचा पूल बांधता येतो हे ठरले. पैसा व्हिएन्नाच्या बॅरन सिना नावाच्या पेढीवाल्याकडून उभा राहण्याजोगा होता. अडचण होती ती नाक्यावर. पूल बांधणाऱ्या कंपनीला पैसा वसूल व्हावयाचा तो टोलातून. आणि होड्यांच्या पुलावर उमराव टोल देत नसत. भाजीची पाटी घेऊन जाणारी बाई पैसा मोजी, लाकडाची गाडी हाकणारा गाडीवान पैसा मोजी, आणि चार घोड्यांच्या बग्गीतून जाणारा मनुष्य नाकेदाराकडे न पाहता निघून जाई. कोणाला अडवायचे हे नाकेदार अंगावरच्या कपड्यांवरून ठरवी असे सांगतात. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही त्याने द्यावयाचे आणि ज्याच्या अंगावर मखमल आहे त्याने द्यावयाचे नाही, असा तो न्याय !

सेचेनीने मागणी केली की नव्या पुलावर टोल सर्वांनी द्यावा : शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने, उमरावाने, सगळ्यांनी. रक्कम ती कितीशी ? बड्या उमरावाला ती त्याच्या घोड्याच्या चंदीइतकीही जाणवली नसती. तरीसुद्धा सभेत वादळ उठले. अकादमीसाठी 60,000 देणाऱ्यावर फुले पडली होती. नाक्यावर दोन पैसे द्या म्हणणाऱ्यावर दगड पडले. कारण उमरावांना पैशाचे दुःख नव्हते. कर देणे ही 'दीन प्रजे'ची खूण; आज पुलावर दिला तर उद्या जमिनीवर द्यावा लागेल, आणि मग धनी कोण आणि कूळ कोण हे ओळखायचे कसे ? देशाचे वरिष्ठ न्यायाधीश काउंट त्सिराकी यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि 'मी त्या पुलावर कधी पाऊल ठेवणार नाही' असे ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. यात बड्या जहागीरदारांइतकेच पुढे होते ते भुकेकंगाल उमराव, ज्यांना त्या देशात 'पायताणवाले उमराव' म्हणत. घरात दाणा नाही, शेत स्वतःच नांगरतो, बायको शेजारच्या कुळाच्या बायकोबरोबरच पाणी भरते. पण कर न देण्याचा जो मान आहे तो सोडवत नाही. हक्काची नशा रिकाम्या पोटीसुद्धा चढते. किंबहुना रिकाम्या पोटी ती जास्तच चढते.

अखेर 1836 साली कायदा झाला : या पुलावर प्रत्येक माणसाने टोल द्यावा. हंगेरीच्या इतिहासात ही रेघ मोठी आहे. कैक शतकांच्या करमाफीच्या भिंतीला पडलेले ते एक भगदाड. 24 ऑगस्ट 1842 रोजी पुलाची कोनशिला बसली. आराखडा विल्यम टिएर्नी क्लार्क या इंग्रज इंजिनिअराचा, आणि बांधकामावर अ‍ॅडम क्लार्क हा स्कॉटिश इंजिनिअर. दोघांचे आडनाव एक असले तरी नाते नव्हते. मधला गाळा 200 मीटरहून थोडा अधिक. साखळ्या ओढल्या मजुरांनी, दगड फोडले पाथरवटांनी, लोखंड ठोकले लोहारांनी. त्यांची नावे खांबांवर नाहीत. 1848 च्या जुलैत शेवटच्या साखळीचा तुकडा चढवताना साखळी तुटली आणि काठावरच्या माणसांना घेऊन नदीत कोसळली. त्यांत खुद्द सेचेनीही होता. 56 वर्षांचा तो मनुष्य पोहत काठाला लागला.

डॅन्यूबवर आगबोटी चालाव्या म्हणून खडक फोडण्याची कामे, तिसा नदीचे पूर आवरून शेती वाचवण्याची कामे, बालातोन तळ्यावरची पहिली आगबोट, तुतीची लागवड, वाफेची पिठाची गिरणी ही सेचेनीची इतर कामे. उमरावांनी एकत्र बसून बोलावे म्हणून त्याने 1827 साली पेश्त येथे 'राष्ट्रीय कॅसिनो' नावाचे मंडळही काढले. त्याच्या दारात अर्थातच कुळाला प्रवेश नव्हता. त्याच्या सगळ्या विचाराची मर्यादा येथे दिसते. सुधारणा उमरावांनी करावी, हळूहळू करावी, व्हिएन्नाशी न भांडता करावी. शेतकऱ्याचे भले व्हावे, पण शेतकऱ्याने स्वतः उठू नये. कोशूत हा गरीब उमरावघराण्यातील वकील 1841 पासून वर्तमानपत्र काढून लोकांना हाका मारू लागला, तेव्हा सेचेनी घाबरला आणि त्याने त्याच वर्षी त्याच्याविरुद्ध पुस्तक लिहिले. कोशूत म्हणे, लोक जागे झाले पाहिजेत. सेचेनी म्हणे, तू आग लावतो आहेस. दोघांत खरा कोण, हा वाद हंगेरीत पुढेही चालत राहिला.

एका बाबतीत मात्र सेचेनीचे डोळे कोशूतपेक्षा उघडे होते. हंगेरीत हंगेरियन बोलणारे निम्म्याहून कमी. स्लोव्हाक, रुमानियन, सर्ब, क्रोएट, जर्मन, रुथेनियन असे अनेक लोक तेथे राहत. हंगेरियन भाषेला मान मिळू लागल्यावर ती या सर्वांवर लादण्याचा हुरूप देशभक्तांना चढला. 1842 च्या नोव्हेंबरात, ज्या अकादमीला त्याने पैसा दिला तिच्याच सभेत उभे राहून सेचेनीने बजावले की दुसऱ्याची भाषा मारून आपली वाढत नाही. आपली माणसे श्रेष्ठ होतील तर इतर आपण होऊन जवळ येतील. टाळ्या देणाऱ्यांनी त्या दिवसापासून त्याच्याकडे पाठ फिरवली. स्वतःच्या दानाने उभ्या राहिलेल्या घरात अप्रिय सत्य बोलणे हे दान देण्याहून अवघड असते. ते त्याने केले, याची नोंद आम्ही आदराने करतो.

मग 1848 साल आले. पॅरिस पेटले, व्हिएन्ना पेटले, 15 मार्चला पेश्त पेटले. पोझोन्यच्या सभेत बातमी येऊन थडकली की कवी पेतोफी हजारो शेतकऱ्यांसह राकोशच्या माळावर उभा आहे. बातमी खोटी होती. पण तीनशे वर्षे जे काम विनवण्यांनी झाले नाही ते त्या खोट्या बातमीने लवकर झाले. वेठ गेली, नववा हिस्सा गेला, धर्मपीठाचा दशांश गेला, उमरावांची करमाफी गेली. या कायद्यांना एप्रिलचे कायदे म्हणतात. सेचेनी नव्या मंत्रिमंडळात सार्वजनिक कामांचा व दळणवळणाचा मंत्री झाला. त्याच्या पुलावरील नियम सगळ्या देशाचा नियम झाला, असे म्हणावयास हरकत नाही. पण वाचकांनी येथेही पाहावे : ज्यांच्या नावे वाट्याची जमीन होती त्या कुळांना ती मिळाली, ज्यांच्याजवळ नुसती झोपडी होती त्या भूमिहीन मजुरांची वेठ गेली, पण जमीन आली नाही. मोठमोठ्या जहागिरी तशाच राहिल्या, आणि त्या फुटावयास 1945 चा जमीनवाटपाचा कायदा यावा लागला. म्हणजे झोपडीवाल्याची पाळी येण्यास आणखी 97 वर्षे लागली.

व्हिएन्नाशी युद्ध अटळ झाले तसे सेचेनीचे मन ढासळले. हे सगळे रक्त माझ्याच पुस्तकांतून वाहते आहे, असा त्याला ध्यास लागला. 1848 च्या सप्टेंबरात त्याला व्हिएन्नाजवळील डोब्लिंग येथील मनोरुग्णांच्या आश्रमात नेले. देशाचा पराभव झाला. मुख्य प्रधान बॉत्यानी याला 6 ऑक्टोबर 1849 रोजी गोळी घातली. कोशूत परदेशी गेला. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला पूल खुला झाला, तेव्हा तो ज्याने उभा केला तो बंद खोलीत होता. पुरा झालेल्या पुलावरून तो कधीच चालला नाही. पुढे मन थोडे सावरल्यावर त्याने बादशाही जुलमाची टर उडवणारे पुस्तक जर्मनमध्ये लिहून 1859 साली लंडनला निनावी छापून घेतले. पोलिसांना सुगावा लागला. 1860 च्या मार्चमध्ये त्याच्या खोलीची झडती झाली. 8 एप्रिल 1860 रोजी त्याने स्वतःला संपवले. सरकारच्या भयाने दफनाची वेळ नीट कळू दिली नाही, तरी त्याच्या गावी हजारो लोक गोळा झाले.

त्या पुलाचे पुढे काय झाले ? बुदा आणि पेश्त 1873 साली ओबुदासह एक शहर झाली. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने 1945 च्या जानेवारीत पूल उडवला. तो पुन्हा बांधून 20 नोव्हेंबर 1949 रोजी, पहिल्या उद्घाटनाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, खुला झाला.

वाचकहो, आता आमचे म्हणणे सांगून लेख आटोपतो. सेचेनी थोर होता, पण चरित्रकार ज्यासाठी सांगतात त्यासाठी आम्ही त्याला थोर म्हणत नाही. दान देणारा वरच राहतो. त्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. 60,000 फ्लोरिन देऊनही सेचेनी काउंटच राहिला आणि कूळ कूळच राहिले. पण नाक्यावर जेव्हा काउंट आणि गाडीवान एकाच रांगेत उभे राहून एकाच नाकेदाराच्या हातावर पैसा ठेवतात, तेव्हा तेवढ्यापुरते दोघे सारखे होतात. म्हणून उमरावांनी दानाला टाळ्या दिल्या आणि टोलाला अश्रू ढाळले. आपल्या जातीला त्या रांगेत उभे करण्याचे धैर्य ज्याने दाखवले तो खरा सेचेनी. त्याच्या शंका, त्याचे भय, कुळाला दाराबाहेर ठेवण्याची त्याची सवय या सगळ्यांसह त्याची ही करणी आम्ही मोठी मानतो.

तुमच्या गावात कोणा दानशूराची मिरवणूक येईल, कोनशिलेवर कोणाचे नाव कोरले जाईल, तेव्हा हार जरूर घाला. दानाला नाव ठेवू नये. पण घरी येऊन लेकराबाळांसमोर तीन प्रश्न विचारा. हा पैसा आला कोणाच्या घामातून ? जो कर, जी पट्टी, जो नियम आपल्याला लागू आहे तो यालाही लागू आहे काय ? आणि ज्या सभेत आपल्याविषयी ठरते तिच्यात आपल्याला बसावयास जागा आहे काय ? सेचेनीने पहिल्या दोन प्रश्नांना तोंड दिले. तिसऱ्यापाशी तो अडखळला, आणि ते उत्तर लोकांना स्वतः द्यावे लागले. हे प्रश्न विचारायला ज्या घरात मुले शिकतील, त्या घरासाठी कोणा सरदाराच्या दानाची वाट पाहावी लागणार नाही.